इल्लि पापा इल्ला

दादा, काल तुला माती द्यायला सगळे पुढे झाले आणि मी मुठीत ढेकूळ धरून तशीच उभी राहिले. लोकांना वाटलं, सख्खी बहीण, हात उचलत नसेल बिचारीचा. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी पाणी आणलं. मला रडू येत नव्हतं रे. मला राग आला होता, तुझ्यावर. त्याआधी पाळकसाहेब बोलायला उभे राहिले ते थांबेचनात. दीनांचा कैवारी काय, गरिबांचा वाली काय! मी मनात म्हणत होते, झाकण लागायच्या आत विचारा त्याला, मुनियम्माचं काय केलंस म्हणून.

आणि नेमकी तीच दफनभूमीच्या फाटकातून आत आली. ते सांगते, पण आधी आपलं भांडण पुरं करू दे. सात वर्षं तू 'सुमे, चहा दे' म्हणून उठून जायचास. आता जाऊन जाऊन कुठं जाशील?

तुझं चांगलं मला ठाऊक नाही असं नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, तू सोळाचा. नगरच्या त्या दोन खोल्यांत तू माझ्या वेण्या घालायचास. इतक्या घट्ट की माझ्या भुवया वर चढायच्या आणि शाळेत बाई विचारायच्या, काय गं, एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय? मला विषमज्वर झाला तेव्हा तू एकवीस दिवस उशापासून हलला नाहीस. आणि इथल्या सरकारी कारखान्यात तुला नोकरी लागली, आपण दोघं बंगळूरला निघालो, तेव्हा गुंटकलला गाडी बदलताना फलाटावर तो म्हातारा दिसला, तापलेल्या फरशीवर पाय उचलत नाचणारा. तू नवे कोरे बूट काढून त्याच्या पायात चढवलेस, नाड्यासुद्धा बांधून दिल्यास. कारखान्यात पहिल्या दिवशी चपला घालून गेलास आणि साहेबाची बोलणी खाल्लीस. ही गोष्ट काल तिघांनी तरी सांगितली, तिघांनाही माझ्याकडूनच कळलेली. खरीच आहे ती. म्हणून तर राग येतो. मुळातला दगड असतास तर मी सात वर्षं डोकं कशाला आपटलं असतं?

त्या वेळी आपली मराठी मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरं. कुणी नगरकडची, कुणी सोलापूरकडची. चामराजपेटेजवळच्या तमिळ ख्रिस्ती लोकांच्या देवळात रविवारी दुपारी आपल्याला जागा मिळायची. त्याच आवारात दर शनिवारी सकाळी दूधवाटप सुरू झालं. अमेरिकेहून पावडरीचे पिंप यायचे आणि वाटायला माणूस हवा होता. तू हात वर केलास. कसा रे वर केलास! कारखान्यात आठवडाभर राबून शनिवारी पहाटे उठायचास, चुलाण पेटवायचास. पावडर थेट गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात म्हणून आधी गार पाण्यात कालवून घ्यायचास, लाकडी उलथन्यानं हंडा ढवळत बसायचास. तुझ्या दुधात गुठळी सापडली असं कुणी म्हणू शकलं नाही.

पण झाकण उघडायच्या आधी तुझं प्रवचन! भुकेल्याला जेवू घालणं म्हणजे उपकार नव्हेत, ते आपल्याला झालेलं पाचारण आहे, समोर उभा आहे तो भिकारी नव्हे, प्रभूच आहे. सगळं मराठीत. समोर चेंबू, म्हणजे आपले तांबे रे, घेऊन बसलेल्या बायका, त्यांना एक अक्षर कळायचं नाही. त्या गुमान बसायच्या, दुधावर साय धरायची, आणि तू डोळे मिटून बोलत राहायचास. मी म्हटलं होतं, प्रभू समोर उभा आहे म्हणतोस ना, मग त्याला दूध तरी गरम दे. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

आणि तुझी ती गुलाबी कार्डं. नव्या बाईला कार्ड द्यायचं तर गल्लीतल्या कुणीतरी चारचौघांत उभं राहून सांगायला हवं, ही कोण, हिची वागणूक कशी. मिशनच्या लोकांनी असलं काही मागितलं नव्हतं. हे तुझ्याच डोक्यातलं. दया करायची तर पात्र बघून करावी, म्हणायचास.

मुनियम्मा आली तेव्हा तिचा नवरा जाऊन महिना झाला होता. बांधकामावर माती वाहायची, दोन घरची भांडी घासायची, घरात दोन लहान मुली. मी त्या दिवशी इस्पितळात ड्यूटीवर होते, म्हणून तुझ्या कन्नडला कुणी वाली नव्हता. दुपारी घरी आले तर आपली घरमालकीण तुळसाक्का दारातच उभी. तिचं घराणं मराठीच, पण कित्येक पिढ्या इथं काढलेल्या, अर्धं बोलणं कन्नड.

"अगे सुमती, तुझ्या अण्णानं आज काय केलं गे! ती फूलवाली हाय की नाही, ती मुनियम्मासाठी बोलायला उभी ऱ्हायली. इवळु पापा स्वामी, तुंबा पापा, म्हणाली. तर ह्यांनी रागानं कार्डच फाडून टाकलं की! आणि वर वरडले, इल्लि पापा इल्ला! सगळी हसली गे. स्वल्प लोकं रडली पण."

मी तिथंच पायरीवर बसले. तुला तीनही शब्द येत होते, हेच नडलं. इवळु म्हणजे ही बाई. तुंबा म्हणजे खूप. आणि पापा म्हणजे पाप, ते का कुणी शिकवायला हवं? ही बाई फार पापी आहे, असं तू ऐकलंस. अरे देवा! इथल्या बायका दिवसातून पन्नास वेळा 'अय्यो पापा' म्हणतात. मांजर भिजलं तरी पापा, पोर पडलं तरी पापा. पापा म्हणजे बिचारं. फूलवाली म्हणत होती, बिचारी आहे हो ही, फार बिचारी. आणि तू, क्रुसाखाली, दुधाच्या हंड्याशेजारी उभा राहून गरजलास, इल्लि पापा इल्ला! तुझ्या मनात होतं की इथं पापाला थारा नाही. सगळ्या रांगेनं ऐकलं, इथं दया नाही.

मी घरात आले, तुला समजावून सांगितलं. तुझा चेहरा पांढराफटक पडला, ते मी पाहिलं. त्या क्षणी मला तुझी दयाच आली होती, खरं सांगते. भाषेची चूक होती, कुणाचीही झाली असती. मी म्हटलं, दादा, अजून ऊन उतरलेलं नाही, चल, तिच्याकडे जाऊ, नवं कार्ड देऊ. तू धुवायला आणलेलं उलथनं कोपऱ्यात उभं केलंस.

"कार्ड फाटलंय आता," म्हणालास.

"दुसरं लिही. हात मोडलेत का?"

"लोकांसमोर फाडलं, सुमे. मंडळीच्या नावानं फाडलं. आता मी फिरलो तर उद्या तिथं माझं कोण ऐकेल? आणि मिशनवाल्यांच्या कानावर गेलं तर वाटपच बंद करतील."

इथवर मी ऐकून घेतलं असतं. पण पुढं तू जे बोललास ना, ते मी तुला मेल्यावरही सोडणार नाही. तू म्हणालास, "आणि ती तशी नसेलच, हे तरी कशावरून?"

कशावरून! नवरा मेलेली बाई दोन पोरींसाठी तांब्याभर दूध मागायला आली आणि पुरावा तिनं आणायचा?

पुढं काय झालं ते तुला ठाऊक होतं. ठाऊक नाही असं दाखवायचास एवढंच. देवळातल्या माणसानं कार्ड फाडलं म्हणजे काहीतरी असणारच, असं गल्लीत झालं. तिची भांड्यांची दोन्ही घरं सुटली. दुधासाठी ती शनिवारी पार कँटोन्मेंटपर्यंत दोन्ही मुलींना घेऊन चालत जायला लागली, त्या दिवसाचं मातीकाम बुडवून. आणि तुला गल्लीनं नाव ठेवलं, 'पापा-इल्ला स्वामी'. तू रस्त्यानं चाललास की बायका तोंडावर पदर घ्यायच्या. आदर म्हणून नव्हे रे, हसू लपवायला.

मग आपले शनिवार. मी कपबशी पुढं ठेवून विचारायची, "आज जाणार का?" तू म्हणायचास, "बिस्किटं संपली वाटतं." मी म्हणायची, तुला एकच शब्द शिकायचाय, तप्पायितु. चुकलं माझं. बाकी काही बोलू नकोस, दारात उभा राहा, तप्पायितु म्हण आणि परत ये. "जिभेला वळत नाही," म्हणायचास. "हो का? 'पापा इल्ला' बरं वळलं!" असं मी म्हटलं की तू चहा टाकून उठायचास. गरम पाण्याचं बिसी नीरु वळायचं, मिठाचं उप्पु वळायचं, कारखान्यातल्या कन्नड शिव्यासुद्धा वळायच्या. तो एक शब्द तेवढा वळत नव्हता. आणि रविवारी तूच प्रार्थना चालवायचास, प्रभो, आम्हांला नम्र कर. माझी तर बाकावर बसल्या बसल्या दातखीळ बसायची.

एकदा मी फारच टाकून बोलले. म्हटलं, गुंटकलच्या म्हाताऱ्याचं बरं होतं नाही? त्याच्यापुढं तुझं काही चुकलेलं नव्हतं. बूट दे आणि मोठा हो. जिच्यापुढं मान खाली घालायची पाळी आली तिच्या बाबतीत तुझं पाचारण कुठं गेलं? तू उठलास. कोट झाडलास, पुन्हा घातलास, पुन्हा काढलास. त्याबद्दल मला आता वाईट वाटतं. पण बोलले ते खोटं नव्हतं.

आता माझंही सांगते, इथं तू अडवणार नाहीस म्हणून. मला कन्नड येत होतं. मला सगळं माहीत होतं. मी का नाही गेले तिच्याकडे? चार गल्ल्या पलीकडे राहायची. मार्केटात दिसायची, मी मान हलवायची आणि भाजी घ्यायच्या निमित्तानं पलीकडे सरकायची. दादाची चूक, दादाचं तोंड, त्यानंच बोलावं, असं स्वतःला सांगत मी माझंही तोंड सात वर्षं शिवून घेतलं. तुझ्यावर रागावणं सोपं होतं. घरबसल्या करता यायचं.

तर काल. पेटी अजून उघडी होती. मुनियम्मा फाटकातून आली, हातात कनकांबराचा, म्हणजे आपल्या अबोलीचा गजरा, केस पांढरे झालेले. सरळ पेटीपाशी गेली, तुझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "अय्यो, पापा!"

झालं! आपली सगळी मंडळी ताठ झाली. पाळकसाहेबांच्या बायकोनं मला विचारलं, "पापी म्हणाली का गं ती?" सोलापूरचे ते नवे आलेले गृहस्थ तर बाह्या सारून पुढं झाले, "कोण ही बाई? मेलेल्या माणसाला पापी म्हणते? चल, हो बाहेर!" आणि त्यांनी तिचा दंड धरला, दादा. तोच शब्द, तीच बाई, आणि पुन्हा आपलंच माणूस तिला हाकलायला निघालं. माझ्या डोळ्यांपुढं तुझं उलथनं आलं.

"सोडा तिला!" मी ओरडले. दफनभूमीत ओरडू नये, पण ओरडले. "तिनं शिवी दिलेली नाही. बिचारा म्हणाली ती, बिचारा! इथं पापा म्हणजे बिचारा. माझ्या भावालाही हे कळलं नव्हतं. त्यानं ह्याच शब्दावरून भर रांगेत हिचं दुधाचं कार्ड फाडलं, हिची अब्रू घालवली, आणि चूक कळल्यावरही गेला नाही. सात वर्षं गेला नाही."

तुझ्या पेटीसमोर बोलले मी हे. पाळकसाहेबांनी खाली बघितलं. त्या गृहस्थांनी तिचा हात सोडला आणि स्वतःचा हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. मला वाटलं, झाली तुझी इभ्रत मातीत, तुझ्या आधी. मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

मुनियम्माला मराठी कुठलं कळतंय? ती विचारायला लागली, काय झालं, काय म्हणालात? मग मी तिला बाजूला घेऊन कन्नडमध्ये सगळं सांगितलं. आमच्या भाषेत पापा म्हणजे काय, त्यानं त्या दिवशी काय ऐकलं, काय समजला. ती ऐकत राहिली. तोंड उघडंच. मग म्हणाली, "मग त्या दिवशी घरी आले तेव्हा?"

मी म्हटलं, "कोण घरी आलं?"

"हेच. नाताळाच्या आधी."

दादा, मला सांगायला काय झालं होतं रे तुला?

ती म्हणाली, दुपारची वेळ, तू दारात उभा, टोपी हातात. तिनं विचारलं, "एनु स्वामी?" काय हो, म्हणून. तू नुसता उभा. घाम आलेला. मग छातीवर हात ठेवलास आणि म्हणालास, "पापा. नानु पापा." आणि डोळ्यांतून पाणी.

मी पापी. हेच म्हणालास ना तू? तप्पायितु नाही म्हणालास, मी शिकवलेलं नाहीच म्हणालास. तुझ्या हट्टापायी तुझाच शब्द घेऊन गेलास. आणि तिनं तो तिच्या भाषेत ऐकला. मी बिचारा, हो, मी फार बिचारा. म्हातारा माणूस दारात उभा राहून रडत स्वतःलाच बिचारा म्हणतोय! ती म्हणाली, सात वर्षं रोज शिव्या दिल्या होत्या तुला, पण असं बघितल्यावर काय करणार? तिनं रीतीप्रमाणं विचारलं, "ऊटा आयिता?" जेवलात का? तू म्हणालास, "इल्ला."

मग तिनं तुला आत घेतलं, जमिनीवर बसवलं आणि मुद्दे वाढला. नाचणीचा उकडलेला गोळा! तू, ज्यानं या गावात इतकी वर्षं काढून नाचणी घशाखाली उतरत नाही म्हणून तुळसाक्काचं ताट परत पाठवलं होतंस, तू तिचा मुद्दे खाल्लास. दीड गोळा, म्हणाली. वर कट प्यायलास.

आणि मला तो दिवस आठवला. मी ड्यूटीवरून आले, स्वयंपाक केला, तू पानावर बसलाच नाहीस. "पोट भरलंय," म्हणालास. मी तुला काय काय बोलले! म्हातारपणी रुसायची हौस, बहीण राबून येते तिची कदर नाही. तू ऐकून घेतलंस. आणि हसलास थोडंसं. त्या हसण्याचा मला आणखी राग आला होता.

सात वर्षं माझा एक मुद्दा तुझ्या गळी उतरला नाही आणि तिचा मुद्दे बरा उतरला!

एव्हाना झाकण लागून पेटी खाली गेली होती, सगळे माती देत होते आणि मी मुठीत ढेकूळ धरून मुनियम्माला खरं काय ते सांगितलं. तो दया मागत नव्हता, म्हटलं, तो कबुली देत होता, माझ्याकडून पाप घडलं म्हणत होता.  ती एकदम तोंडावर पदर घेऊन हसायला लागली, तुझ्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं झालं मला तुमची भाषा येत नव्हती. आली असती तर मी दार लावून घेतलं असतं."

मला कुणी इतकं खरं बोललेलं आठवत नाही. तिनं लावलं असतं आणि बरोबर केलं असतं. तुझ्या कबुलीनं तुला काही मिळालं नाही, दादा. तुला जेवण मिळालं ते तिच्या गैरसमजातून. तुझा गैरसमज झाला तेव्हा तिची दोन घरं सुटली, तिचा झाला तेव्हा तुझं पोट भरलं. तू इतकी वर्षं ज्या पाचारणावर बोललास ते त्या बाईनं एका दुपारी करून दाखवलं, कार्ड न मागता, प्रवचन न देता, गरम गरम.

मी तिला म्हटलं, तप्पायितु. तुझ्या वतीनं नाही. माझं म्हणून. मार्केटात पलीकडे सरकायचे त्याचं. तिनं "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, केलं, पण हात धरला नाही की गळ्यात पडली नाही. माझ्या मुठीकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, सगळ्यांनी माती टाकली, तुमचीच राहिली, टाका आता. ढेकूळ हातात भुगा झालं होतं. टाकली मी.

राग गेलाय असं समजू नकोस. सात वर्षं उशीर केलास, आणि गेलास तो मला न सांगता. मला कळलं असतं तर त्या दिवशी मी तुला पोटभर जेवू न घालता पोटभर हसले असते, आणि आपण दोघं पुन्हा नीट बोललो असतो, निदान नाताळापासून पुढचे हे चार महिने. ते तू माझे घेऊन गेलास.

येत्या शनिवारी तिनं मला जेवायला बोलावलंय. मुद्दे असणार. तो चावायचा नसतो म्हणे, तसाच गिळायचा. मला जमेल असं वाटत नाही. तुला कसा जमला, एवढं विचारायला तू हवा होतास रे.